सांगलीहून गोव्याच्या हाफ आयर्नमॅनला: सायकल, सामान आणि समुद्र

कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेल्या माणसाला पाण्याचं भय नसतं. लहानपणी पाठीला डबा बांधून उडी मारलेली असते आणि दोन उन्हाळ्यांत पैलतीरही गाठलेला असतो. म्हणून पहिल्यांदा गोव्याच्या शर्यतीला (आधी समुद्रात पोहायचं, मग सायकल, शेवटी धावणं) निघालो तेव्हा मला काळजी होती ती शेवटच्या २१ किलोमीटर धावण्याची. प्रत्यक्षात मला त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. एका खासगी बसच्या डिकीत सायकल ठेवली होती आणि वाटेत तिच्यावर कुणाच्या तरी बॅगा चढल्या. शर्यतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी जोडून चालवली, तर गिअर आपोआप उड्या मारायला लागले. सात महिने पहाटे चारला उठून केलेली मेहनत बोटभर लांबीच्या एका वाकलेल्या तुकड्यावर येऊन अडली.

दुसऱ्या खेपेला मी प्रवासाची तयारी पोहण्या-धावण्याइतकीच मन लावून केली. ती कशी करायची तेच इथे सांगतो. परगावी ट्रायथलॉन, म्हणजे अशी तिहेरी शर्यत, करताना एक गोष्ट धरून चाला: घर सोडल्यापासून पाण्यात उतरेपर्यंत नवीन काही ठरवायचं उरता कामा नये. काय खायचं, काय घालायचं, सायकल कुठे ठेवायची, गाडी कोण चालवणार, हे सगळं सांगलीतच ठरलेलं हवं.

आधी अंतराचा विचार

स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं. ऑलिम्पिक अंतर त्याच्या दुप्पट: १.५, ४० आणि १०. गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ पासून होते ती हाफ आयर्नमॅन. त्यात १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं असतं. बेरीज ११३ किलोमीटर म्हणजे ७०.३ मैल, म्हणून ते ७०.३ नाव. पोहायला १ तास १० मिनिटं, सुरुवातीपासून सायकल संपेपर्यंत साडेपाच तास आणि एकूण साडेआठ तास, अशी या अंतराची नेहमीची मुदत असते. तरी आपल्या वर्षीची माहितीपुस्तिका आली की पहिल्यांदा हे आकडे तपासा.

तीन खेळ लागोपाठ कधीच केले नसतील तर थेट हाफला जाऊ नका. एखादी स्प्रिंट किंवा ऑलिम्पिक करा. पोहून आल्यावर ओल्या अंगाने हेल्मेट लावणं आणि सायकलवरून उतरल्यावर लाकडासारख्या झालेल्या पायांनी धावणं या गोष्टी सवयीनेच जमतात. चाळिशी ओलांडली असेल तर नाव नोंदवण्याआधी डॉक्टरकडून हृदयाची तपासणी करून घ्या. यात चालढकल नको.

पावसाळ्याचं गणित

गोव्याची शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते. म्हणजे तयारीचे ऐन महिने जुलै ते सप्टेंबर. आपल्याकडे या काळात काय असतं ते सांगलीकराला वेगळं सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, आणि २००५, २०१९, २०२१ चे महापूर सगळ्यांनीच पाहिलेत. नदी तीन महिने बंद, आणि त्याच महिन्यांत कोकणचा समुद्रही उतरण्याजोगा नसतो.

त्यामुळे उघड्या पाण्यातलं पोहणं फेब्रुवारी ते मे या काळात उरकून घ्यावं लागतं. तेव्हा बंधाऱ्यामुळे कृष्णेचं पाणी संथ असतं, लांब अंतर सलग पोहता येतं. एकटे उतरू नका. रोज पोहणाऱ्या मंडळींबरोबर, त्यांच्याच पट्ट्यात पोहा आणि त्या आठवड्यात मगर कुठे दिसली होती का ते आधी विचारा. आपल्या नदीत मगरी आहेत आणि घाटावरच्या जुन्या पोहणाऱ्यांना त्यांच्या जागा माहीत असतात. याच दिवसांत मान वर काढून समोरची खूण बघायची सवय लावा. सहा ते आठ हात मारले की डोळे पाण्याच्या वर, मगर जशी नुसते डोळे वर काढते तसे. डोकं पूर्ण उचललंत तर पाय खाली जातात आणि दम लागतो.

जून ते सप्टेंबर पोहण्याचा तलाव. भिंतीला हात न लावता वळायचा सराव करा, कारण समुद्रात २५ मीटरवर भिंत येत नाही. आणि पाऊस ओसरला की, शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी, एक शनिवार-रविवार रत्नागिरी किंवा मालवणला जाऊन स्थानिक पोहणाऱ्यांबरोबर समुद्रात उतराच. खारं पाणी अंगाला उचलून धरतं, ते पोहणाऱ्याच्या फायद्याचं. पण तेच पाणी घशात गेलं की मळमळतं, आणि काखेत व मानेला कापड घासून जखमा होतात. किती व्हॅसलीन लागतं आणि कुठे लागतं, हे तिथेच कळतं.

सायकलसाठी आपल्याकडचे रस्ते सपाट आहेत. मिरज-पंढरपूर रस्त्यावर वेग छान बसतो, पण गोव्यात चढउतार आहेत. महिन्यातून दोनदा दंडोबा डोंगराच्या चढावर जा, जमेल तेव्हा पन्हाळा करा. बाहेर धो-धो पाऊस असेल तेव्हा घरातच ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवू देणारा स्टँड) सायकल लावा. गोव्यातला खरा शत्रू दमट हवा आहे, घाम वाळतच नाही. शर्यतीआधीच्या शेवटच्या दहा-चौदा दिवसांत चार-पाच वेळा पंखा बंद ठेवून पाऊण तास हलकी सायकल चालवली तर शरीर त्या हवेला सरावतं. घरात कुणी असेल तेव्हाच हे करा आणि गरगरलं की तिथेच थांबा.

साताऱ्याची रंगीत तालीम

शर्यतीच्या महिनाभर आधी सगळं सामान बांधून परगावी एक रात्र राहून या. मी साताऱ्याला मावशीकडे गेलो. शनिवारी दुपारी सायकल खोलून गाडीत टाकली, साताऱ्यात पोहोचून जोडली, रात्री ठरवलेलंच जेवण जेवलो आणि पहाटे साडेतीनला उठून नाश्ता केला. उजाडताना यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने गेलो, आल्यावर लगेच अर्धा तास धावलो. मावशी म्हणाली, “अरे, एवढ्या पहाटे पोहे कुणाच्या पोटात जातात?” माझ्या पोटातही गेले नव्हते. चार घास खाल्ले आणि पुढे घाटात भूक लागली. पहाटे साडेतीनला मला मऊ भात आणि केळंच खाता येतं, हे त्या दिवशी समजलं. शर्यतीच्या दिवशी समजलं असतं तर फार उशीर झाला असता.

त्या तालमीत आणखी दोन गोष्टी सापडल्या. पाच नंबरची अॅलन की (षटकोनी स्क्रू फिरवायची चावी) घरीच राहिली होती, आणि पाण्याच्या बाटलीचा स्टँड खडबडीत रस्त्यावर सैल होत होता. दोन्हींची नोंद सामानाच्या यादीत गेली. ही यादी मोबाइलवर न ठेवता कागदावर लिहा आणि बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवा.

सायकल बांधणं

यावर जास्त लिहितो, कारण नुकसान इथेच होतं.

निघायच्या दहा दिवस आधी सायकल मेकॅनिककडे द्या, आदल्या दिवशी नको. नवी चेन किंवा नवी केबल बसवली तर ती बसायला शंभरेक किलोमीटर चालवावी लागते. टायर नवे हवे असतील तर तेही तेव्हाच.

बांधताना सगळ्यात आधी सीटची उंची आणि पुढे-मागेपणा यांवर खूण करा. सीटचा दांडा फ्रेममध्ये जिथे शिरतो तिथे इलेक्ट्रिकची टेप गुंडाळायची. सीट पाच-सहा मिलिमीटर जरी खाली बसली तरी ९० किलोमीटरनंतर गुडघा बोलायला लागतो. हँडल सोडवणार असाल तर तिथेही तशीच खूण.

मग पेडल. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरून बरेच जण ताकद लावतात आणि आटेच मारून टाकतात. सोपी खूण अशी: पाना वरच्या बाजूला उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही पेडल याच दिशेने सुटतात. बसवताना आट्यांना बोटभर ग्रीस लावा.

मागचं चाक काढण्याआधी चेन सगळ्यात लहान चक्रीवर आणा, म्हणजे चाक अडत नाही. चाक निघाल्यावर डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, बाहेर लोंबकळतो. माझं नुकसान झालं ते इथेच. डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो तिला हँगर म्हणतात. ती मुद्दाम मऊ धातूची असते, म्हणजे धक्का बसला तर ती वाकावी आणि फ्रेम वाचावी. डिरेलर सोडवा, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळा आणि फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात बांधून टाका. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असतो, परगावच्या दुकानात तो मिळेलच याचा भरवसा नाही. आपल्या सायकलचा एक जादा हँगर आधी मागवून टूलच्या पिशवीत ठेवा. सांगलीतल्या मेकॅनिककाकांनी माझा जुना हँगर बोटाने दाखवत सांगितलं होतं, “दादा, आता हा सरळ केला तरी तात्पुरताच. याला एकदा वाकायचं कळलं की तो परत वाकतो.” तेव्हापासून जादा हँगर कायम बरोबर असतो.

डिस्क ब्रेक असतील तर चाक बाहेर असताना चुकूनही ब्रेक दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात. मधे पुठ्ठ्याची जाड पट्टी घाला. फ्रेमला पाइपवर घालतात तो काळा फोम लावा, तो कुठल्याही एसी दुरुस्तीवाल्याकडे मिळतो. सायकल आडवी ठेवायची वेळ आली तर चेनची बाजू नेहमी वर. आणि तिच्यावर काहीही नाही, उशीसुद्धा नाही.

टूलच्या पिशवीत ४, ५ आणि ६ नंबरच्या अॅलन की, दोन ट्यूब, टायर लिव्हर, चेन जोडायची कडी, चेनचं तेल, पंप, टेप आणि प्लॅस्टिकच्या झिप टाय हव्यात. टायरमध्ये हवा भरायचं गॅसचं काडतूस वापरत असाल तर ते गाडीच्या उन्हात ठेवू नका. विमानाने लांबच्या शर्यतीला जाणाऱ्यांनी काडतुसं घरीच ठेवावीत, ती बॅगेतून काढून घेतली जाऊ शकतात.

रस्ता आणि मुक्काम

स्वतःची किंवा मित्राबरोबर भागीतली गाडी असेल तर उत्तम. मागची सीट पाडून दोन सायकली आत मावतात. कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी असा रस्ता धरला तर थांबत-थांबत सहा-सात तास धरा. पावसाळा लांबला असेल तर आंबोलीत धुकं आणि ओला रस्ता असतो, म्हणून घाट उजेडातच उतरायचा. गाडीच्या मागे रॅकवर सायकल लावणार असाल तर सीट आणि हँडलला प्लॅस्टिक गुंडाळा. रेल्वेने जायचं तर मिरजेहून मडगावला जाणारी गोवा एक्स्प्रेस आहे. पण सायकल पेटीत बांधून सामान म्हणून बुक करावी लागते आणि पार्सलच्या डब्यात तिच्यावर काय चढेल ते आपल्या हातात नसतं. मडगावहून पणजी आणखी तीसेक किलोमीटर. बसचा अनुभव वर सांगितलाच.

रविवारी शर्यत असेल तर गुरुवारी रात्रीपर्यंत पोहोचा, फार तर शुक्रवारी दुपारी. शनिवारी पोहोचणं म्हणजे चूक दुरुस्त करायला वेळच न ठेवणं.

मुक्काम मिरामारपासून चालत जाता येईल असा बघा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. शर्यतीच्या पहाटे रस्ते बंद होतात आणि लांबचं स्वस्त हॉटेल त्या दिवशी महागात पडतं. बुकिंग करण्याआधी फोन करून तीन प्रश्न विचारा: सायकल खोलीत नेऊ देणार का, लिफ्ट आहे का, आणि पहाटे साडेतीनला गरम पाणी मिळेल का. मी लहान राइस कुकर बरोबर नेतो. त्यामुळे घरचा तांदूळ, मुगाची डाळ आणि तूप यांवर दोन दिवस निभावतात.

खाणं

गोव्यात गेल्यावर मासे खावेसे वाटणारच. शर्यत झाल्यावर मनसोक्त खा. आधीचे दोन दिवस वरण-भात, दही-भात, उकडलेला बटाटा, केळी. कच्च्या कोशिंबिरी, उसाचा रस, रस्त्यावरचा बर्फ हे सगळं टाळा.

सायकलवर असताना ताशी ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, सराव असेल तर त्याहून जास्तही पचतात. बाजारातल्या एका जेलमधून (साखरेच्या घट्ट पाकाची छोटी पुडी) साधारण २५ ग्रॅम मिळतात. मला जेल झेपत नाहीत, म्हणून मी आपल्या तासगावचे बेदाणे वापरतो. ३५ ग्रॅम, म्हणजे भरलेली मूठ, यात साधारण २७ ग्रॅम कर्बोदकं असतात. बेदाणे रात्री जरा ओलसर करून, चिमूटभर मीठ चोळून, लहान पिशव्यांत बांधायचे. एका हाताने, दातांनी गाठ सोडून खाता आली पाहिजे, हेही घरी करून बघा. कुणाकुणाच्या पोटात बेदाण्यांनी वायू धरतो, त्यामुळे लांबच्या सायकलिंगला आधी खाऊन पाहा.

घरगुती पेय असं: ७५० मिलिलिटर पाणी, सपाट चार मोठे चमचे साखर, पाव लहान चमचा मीठ, अर्धं लिंबू. त्यातून पन्नासेक ग्रॅम साखर आणि सहाशेच्या आसपास मिलिग्रॅम सोडियम मिळतं. घाम किती जातो ते मोजायचं असेल तर तासभर पळण्याआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं, वर मधे प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. नुसतं साधं पाणी ढोसत राहणं धोक्याचं आहे. रक्तातलं सोडियम खाली जातं, डोकं दुखतं, भान सुटायला लागतं.

आदला दिवस

सकाळी सायकल जोडून वीस मिनिटं चालवा, सगळे गिअर आणि दोन्ही ब्रेक तपासा. लाईफगार्ड असताना दहा मिनिटं समुद्रात उतरा. मग सायकल ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे एका खेळातून दुसऱ्याकडे जायच्या जागेत, लावायची असते. तिथे आपली जागा पाण्यातून येणाऱ्या दारापासून कितव्या रांगेत आहे ते मोजा आणि तो रस्ता दोनदा चालून बघा. दुपारी ऊन असतं, म्हणून टायर कडक भरून ठेवू नका, हवा सकाळी भरा.

दोन नियम इथेच पाठ करा. हेल्मेटचा पट्टा लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. आणि पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवायचं. त्या पट्ट्यात शिरलात तर २५ सेकंदांत पुढे निघून जायचं, मागे चिकटून राहिलात तर पाच मिनिटांचा दंड.

समुद्र

वेटसूटचा, म्हणजे पोहताना घालायच्या रबरी पोशाखाचा, विचार सोडा. पाणी २४.५ अंशांच्या वर असेल तर सर्वसाधारण स्पर्धकांना तो चालत नाही आणि गोव्याचं पाणी या दिवसांत त्याहून बरंच गरम असतं. गॉगल दोन घ्या, त्यातला एक गडद. मिरामारचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. जाताना सूर्य पाठीमागे असतो, पण परत किनाऱ्याकडे वळलात की तो थेट डोळ्यांत येतो आणि बोया, म्हणजे मार्ग दाखवणारी तरंगती खूण, दिसत नाही. म्हणून आदल्या दिवशीच किनाऱ्यावरची एखादी उंच इमारत किंवा झाड हेरून ठेवा.

लाट फुटताना तिच्याशी झुंजू नका, खाली बुडी मारून पलीकडे निघा. पहिली दोनशे मीटर मुद्दाम सावकाश. छातीत धडधड वाढली तर पाठीवर पडून आकाशाकडे बघत वीस श्वास मोजा. तेवढ्यानेही भागलं नाही तर हात वर करा, कयाक (मदतनीसांची लहान होडी) येईल. कयाक धरून विश्रांती घेतली म्हणून कुणी बाद होत नाही, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नसतं. नदीत पोहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावं. आपल्याला मदत मागायची सवय नसते.

सायकलवर पहिले वीस मिनिटं फक्त घोट-घोट पाणी, मग खायला सुरुवात. धावताना प्रत्येक पाण्याच्या टेबलापाशी धावणं थांबवून चाला, एक पेला प्या, एक डोक्यावर ओता, बर्फ मिळाला तर टोपीत. चालण्यात कमीपणा नाही.

बरोबर येणारी मंडळी

घरचे येणार असतील तर त्यांना आदल्या रात्री कागदावर लिहून द्या: साधारण कितीला पाण्यातून बाहेर, कितीला सायकलवरून, कितीला शेवटच्या रेषेवर, प्रत्येकी पाऊण तास मागे-पुढे. मोबाइल तुमच्याजवळ नसणार. भेटायची एक ठरलेली जागा हवी, नाहीतर ते दुपारभर काळजीत उभे राहतात. माझ्या वडिलांना मी पहिल्या वेळी नीट सांगितलं नव्हतं. गिअरमुळे उशीर होत गेला आणि ते अडीच तास उन्हात पुलाच्या कठड्याला धरून उभे होते. त्यांना सावली, पाणी आणि बसायला घडीची खुर्ची, हेही आपल्याच यादीत हवं.

परतताना

त्याच संध्याकाळी निघू नका. शर्यत केलेल्या माणसाने त्या दिवशी आंबोलीच्या वळणांवर गाडी चालवू नये. पायात गोळे येतात, डोळे मिटतात. सोमवारी निघा आणि चालवायला दुसरं कुणी असेल तर बरं.

सायकल बांधण्याआधी हॉटेलातच गोड्या पाण्याने पुसून काढा. खारं पाणी, घाम आणि साखरेचं पेय स्क्रूंच्या डोक्यांत साचतं आणि आठवड्यात गंज धरतं. हँडलच्या टेपखाली तर घाम मुरलेलाच असतो, ती सांगलीत आल्यावर बदलून घ्या. चेन धुऊन, वाळवून, तेल द्या. पुढचे चार-पाच दिवस नुसतं चालणं आणि हलकं पोहणं. बॅगेच्या झाकणावरच्या यादीत काय कमी पडलं ते आठवतंय तोवर लिहा. सीटच्या दांड्यावरची टेप मात्र काढू नका.